रूममेटशी समाजवाद-भांडवलशाहीवरून वाद झाला, तिच्या एका प्रश्नाला उत्तर देता आलं नाही

वाळव्याची_लेक

नमस्कार, जरा लांबलचक आहे पण कोणीतरी नीट वाचून सांगा.

मी पुण्यात एमए अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. गाव वाळवा तालुक्यात, घरी साडेतीन एकर ऊस, वडील सहकारी साखर कारखान्याचे सभासद. माझी रूममेट भोसरीची, वर्गही एकच. तिच्या पप्पांचं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी, तीन जुने लेथ, अकरा माणसं, गाड्यांच्या कंपनीला माल देणाऱ्या एका सप्लायरचं जॉबवर्क करतात. आमची पहिल्या दिवसापासून गट्टी आणि पहिल्या दिवसापासून वाद. मी समाजवादाच्या बाजूनं, ती खुल्या बाजाराच्या. रात्री मेसमधून आलो की सुरू, कधीकधी दोन वाजतात, शेजारच्या खोलीतल्या मुली भिंत वाजवतात.

ती म्हणते १९९१ च्या आधी स्कूटर किती बनवायच्या हे सुद्धा दिल्लीहून परवानगी आल्याशिवाय ठरत नव्हतं, लोक चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, आणि शेवटी देशाकडं दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले आणि सोनं गहाण टाकायला लागलं, हा तुझा समाजवाद. मी म्हणते १९८२ च्या जानेवारीत अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यांचं पुढं काय झालं आणि गिरण्यांच्या जागेवर आज कुणाचे टॉवर उभे आहेत ते लालबाग-परळला जाऊन बघ, ही तुझी भांडवलशाही. असं चालायचं. राग यायचा पण झोपेपर्यंत उतरायचा.

मागच्या मंगळवारी मात्र बिनसलं. आम्हाला वर्गात मार्क्सचं वरकड मूल्य शिकवलं होतं, म्हणजे कामगार दिवसभरात त्याच्या मजुरीपेक्षा जास्त किमतीचं काम करतो आणि तो वरचा भाग मालकाकडं जातो. मी त्या भरात बोलून गेले की मग तुझे पप्पा अकरा माणसांचं वरकड खातात, तुझी हॉस्टेलची फी त्यातूनच येते. ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, गेल्या दिवाळीला माणसांना बोनस द्यायला पप्पांनी आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या, कारण वरच्या सप्लायरकडून एकशेदहा दिवस झाले तरी पेमेंट आलं नव्हतं. ते जाऊ दे. तुझ्या साडेतीन एकरातला ऊस तोडायला कोण येतं गं? त्यांचं वरकड कोण खातं?

मला उत्तरच देता आलं नाही. मी काहीतरी पुटपुटले की आमचा कारखाना सहकारी आहे, मालक कुणी नाही, सगळे शेतकरीच मालक. ती म्हणाली, तोडणारे त्या सगळ्यांत येतात का.

तेव्हापासून कामापुरतं बोलतो. सकाळी ती चहा ठेवते त्यात माझा कप असतो, पण शब्द नाही.

तर मला विचारायचंय, सहकारी कारखाना नेमका कशात मोडतो, समाजवादात की भांडवलशाहीत? आणि तिच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर काय? आम्ही आठ महिने इतकं वाचून वाद घातला आणि आमच्या बांधावर दर हिवाळ्यात येणाऱ्या माणसांचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही, ते मला फार लागलंय.

---

निवृत्त_शेतकी

मुली, मी एका सहकारी कारखान्याच्या शेतकी खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यामुळं आधी कारखान्याचं सांगतो.

तुला वाटतं तितकं ते खोटं नाही. प्रवरेचा, म्हणजे लोणीचा सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हा नगर जिल्ह्यात खाजगी साखर कंपन्या होत्या, त्या सांगतील तो भाव. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून शेअर गोळा केले, कुणी बैल विकून दिले कुणी दागिना मोडून, आणि पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले, पहिले चेअरमन तेच. १९५० च्या शेवटाला गाळप सुरू झालं. ज्या प्राध्यापकानं गोखले अर्थशास्त्र संस्था उभी केली आणि जो पुढं नियोजन मंडळाचा उपाध्यक्ष झाला तो माणूस लोणीसारख्या माळरानावर सभांना जायचा. गाडगीळांना रशियासारखी सरकारी मालकी नको होती आणि मारवाडी-शेटजीचा कारखानाही नको होता. नियम असा की तुझे शेअर पन्नास असोत की एक, मत एकच. कंपनीत जितके शेअर तितकी मतं, हा मोठा फरक आहे. नफा ऊसभावातून परत सभासदाकडं. आमच्या भागात शाळा, दवाखाने, पाणी उपसा योजना, इंजिनिअरिंग कॉलेजं यातूनच उभी राहिली, ही मी डोळ्यांनी बघितलेली गोष्ट आहे.

सरकारही त्यात होतंच. भागभांडवलाचा काही भाग सरकारनं दिला, कर्जाला हमी सरकारनं दिली. म्हणजे मालकी शेतकऱ्यांची, आधार सरकारचा आणि साखर विकायची बाजारात. कुठल्या खान्यात टाकणार तू?

मग बिघडलं कुठं. वार्षिक सभेत अहवाल वाचायच्या आत पुढच्या चार रांगा मंजूर मंजूर ओरडायच्या, मागं कुणी प्रश्न विचारायला उठला की माईक बंद. एक माणूस एक मत कागदावर राहिलं. काही कारखाने बुडाले, विकले गेले, आज राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करतात त्यात जवळपास निम्मे खाजगी आहेत.

आता तुझ्या मैत्रिणीचं. आमच्या हिशोबात "तोडणी व वाहतूक" असा एक रकाना असायचा. तो खर्चाच्या बाजूला. शेतकऱ्याच्या बिलातून ती रक्कम वजा व्हायची. तोडणाऱ्याशी कारखान्याचा करार नसायचाच, करार तोडणी-वाहतूक संस्थेमार्फत वाहतूकदाराशी, त्याचा मुकादमाशी, आणि मुकादमाचा माणसांशी तोंडी. वजनकाट्यावरच्या हमालाचं नाव हजेरीपटावर होतं, माझं होतं, पण ज्या बाईनं ऊस तोडला तिचं नाव एकतीस वर्षांत मी एकाही रजिस्टरला लिहिलं नाही. आमचा कारखाना जमीनवाल्यांचा होता. तुझी मैत्रीण बरोबर बोलली.

आधी तिच्या वडिलांबद्दल बोललीस त्याची माफी माग. बाकीचं नंतर.

---

पांढरं_सोनं

मी यवतमाळचा. ऊसवाल्यांचं चाललंय तर कापसाचंही ऐका, कारण ज्याला सरकारी मालकीचा व्यापार म्हणता येईल तो आमच्याकडं प्रत्यक्षात चालून गेला.

१९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी होती. म्हणजे कापूस सरकारलाच विकायचा, व्यापाऱ्याला विकला तर गुन्हा. हेतू वाईट नव्हता, व्यापारी काट्यात मारत होता, भावात मारत होता, माझे आजोबा सांगायचे की सुरुवातीला लोक खुश होते. पण मी शाळेत असताना काय बघितलं तर बाबा बैलबंडी भरून संकलन केंद्रावर जायचे आणि तीन-तीन दिवस रांगेत, रात्री बंडीखाली झोपायचं, ग्रेडर येणार आणि बोंडात हात घालून ग्रेड पाडणार, आणि चुकारा तुकड्या-तुकड्यांत, पहिला हप्ता आत्ता, बाकीचा कधी ते देव जाणे. शेजारी आंध्रात भाव जास्त असला की रात्री गाड्या आदिलाबादकडं निघायच्या. आपल्याच शेतातला कापूस चोरासारखा न्यायचा. उलट एखाद्या वर्षी इकडचा भाव बाहेरपेक्षा चढा असला की बाहेरचा कापूस आमच्या केंद्रावर यायचा आणि तोटा योजनेच्या बोकांडी. म्हणून शरद जोशींच्या सभेला आमचे लोक ट्रॅक्टर भरून जायचे. भीक नको हवे घामाचे दाम, ही घोषणा मी दहा वर्षांचा असताना दिलेली आहे. जोशी म्हणायचे सरकारनं भाव देऊ नये, फक्त आडवं येणं थांबवावं, आणि ते आम्हाला पटायचं कारण आडवं आलेलं आम्ही रोज बघत होतो.

पुढं खरेदी खुली झाली, व्यापारी दारात यायला लागला, नगद पैसे. पण कर्ज गेलं नाही, पाऊस आपल्या हातात आला नाही, आणि आमच्या जिल्ह्याचं नाव देशभर कशासाठी गाजलं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी आता कुणी म्हणालं बाजार सगळं करतो की त्याला यवतमाळला बोलावतो, आणि कुणी म्हणालं सरकार सगळं करेल की त्याला त्या केंद्रावरच्या रांगेचं सांगतो.

ताई, तुमच्या मैत्रिणीला विचारा की पप्पांचे एकशेदहा दिवस अडकले ते कोणत्या सरकारमुळं? तो तर खुला बाजारच होता ना. हा प्रश्न तिच्यावर रागावून नका विचारू, खरंच विचारा.

---

भोसरी_टर्नर

मी अशाच शॉपमधे नऊ वर्षं सीएनसी चालवतोय म्हणून लिहितो. आमचे मालक सकाळी स्वतः शटर उघडतात, ऑर्डर तुंबली की स्वतः मशीनवर उभे राहतात, गुरुवारच्या सुट्टीला सुद्धा येऊन मेंटेनन्स बघतात. मी त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण पीएफ चालू झाला तो मी लागल्यावर चार वर्षांनी, आम्ही सगळ्यांनी एकत्र जाऊन मागितला तेव्हा, एकेकटे मागत होतो तोवर पुढच्या महिन्यात बघू असंच उत्तर होतं. माणूस चांगला आहे आणि तरी मागावं लागलं, या दोन्ही गोष्टी एकाच शॉपमधल्या आहेत. तुमच्या मैत्रिणीच्या वडिलांना शोषक म्हणून तुम्ही त्यांना वरच्या कंपनीच्या शेजारी बसवलंत. त्यांच्या पार्टचा रेट कोण ठरवतं माहीत आहे का, परचेसवाला ठरवतो, आणि दर वर्षी कमी करून मागतो.

---

खंडकऱ्याचा_नातू

आमची श्रीरामपूरकडची हकीगत कुणाला फार माहीत नसते. इंग्रजांच्या काळात आमच्या पणजोबांची जमीन साखर कंपनीनं खंडानं, म्हणजे भाडेपट्ट्यानं घेतली. म्हणजे भांडवलदारानं. मग १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा आला, कंपन्यांकडची जमीन सरकारनं काढून घेतली आणि १९६३ मधे शेती महामंडळ काढलं. म्हणजे समाजवाद आला. जमीन मात्र आम्हाला आली नाही. महामंडळ तोट्यात, मळे ओसाड, कामगारांचे पगार थकलेले, आणि खंडकरी मोर्चे काढतायत, कोर्टात जातायत. २०१२ ला कायद्यात बदल झाल्यावर कुठं वाटप सुरू झालं, तोवर आजोबा गेले होते. सात-बारा हातात आला त्या दिवशी वडील तो घेऊन आजोबांच्या फोटोपुढं बसले होते. आमच्या घरात या दोन शब्दांवरून वाद होत नाही, दोघांनीही जमीन धरून ठेवली होती.

---

साखरशाळेची_बाई

हे सगळं वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी बीड जिल्ह्यातली, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. माझे आईवडील बावीस हंगाम ऊसतोडीला गेले, त्यातले आठ मी त्यांच्यासोबत, तुमच्याच सांगली-कोल्हापूर भागात. चौथीपर्यंतचं अर्धं शिक्षण कारखान्याजवळच्या साखरशाळेत, म्हणजे तोडणाऱ्यांच्या मुलांसाठीच्या हंगामी शाळेत.

वाळव्याच्या ताई, तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. दसरा-दिवाळीच्या आधी मुकादम उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे. त्यात लग्न, दवाखाना, मागची देणी भागतात. ती उचल जोडप्याला मिळते, जोडप्याला म्हणतात एक कोयता. माणूस नाही, कोयता. एकट्या बाईला किंवा एकट्या गड्याला उचल मिळत नाही, मिळाली तर अर्धा कोयता म्हणून, त्यामुळं आमच्याकडं मुलींची लग्नं लवकर होतात. मग चार-पाच महिने पहाटे चारला फडात. वडील तोडायचे, आई पाचट काढून मोळ्या बांधायची, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं, रात्री-अपरात्री गाडी आली की तेव्हा भरायला जायचं. कोपीत, म्हणजे आमच्या झोपडीत, लाईट नाही, संडास नाही. आजारी पडून एक दिवस गेला तर खाडा, खाड्याचे पैसे उचलीतून कापतात. पाळीच्या दिवसांत खाडा नको म्हणून बायकांनी काय काय केलं ते २०१९ मधे बाहेर आलं, बीडच्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी झाली, सरकारनं समिती नेमली. माझ्या मावशीची शस्त्रक्रिया त्या बातमीच्या कितीतरी आधी झालेली, तेव्हा ती तिशीत होती.

तोडणीचा दर जानेवारी २०२४ मधे करार होऊन टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. तो करार संप करून, संघटनांनी बसून झाला. एक कोयता दिवसाला दोन टनाच्या आसपास तोडतो. हिशोब तुम्हीच करा.

आता समाजवादाचं विचारलंत तर माझ्या आईला तो शब्द ठाऊक नाही पण रोजगार हमी ठाऊक आहे. ७२ च्या दुष्काळात कामं निघाली, वि. स. पागे यांनी ती कल्पना लावून धरली, १९७७ ला कायदा झाला की गावात काम मागितलं तर सरकारनं दिलंच पाहिजे. पैसे कुठून, तर शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून. माझ्या पगारातून आज दर महिन्याला दोनशे रुपये त्या करात जातात आणि मला ते देताना कधीच जड वाटत नाही, कारण ज्या वर्षी आईला गावातच पाझर तलावाचं काम मिळालं त्या वर्षी आम्ही ऊसाला गेलो नाही आणि मी पाचवी पूर्ण केली. काम गावात मिळालं तर मुकादमाला नाही म्हणता येतं. तुमच्या पुस्तकात याला काय म्हणतात ते तुम्ही मला सांगा.

तुम्हाला लागलंय असं लिहिलंत ते खरं वाटलं, म्हणून एक काम सांगते. यंदा तुमचा ऊस तुटेल तेव्हा गावी जा, बांधावरून बघू नका, फडात जा. बाईशी बोला. उचल किती, किती टन झाले, किती फिटली, वही कुणाकडं आहे. एवढंच विचारा आणि ऐकून घ्या.

---

अर्थशास्त्र_मास्तर

वरच्यांनी मोलाचं लिहिलंय, मी वाद घालायच्या पद्धतीबद्दल थोडं सांगतो, बावीस वर्षं वर्गात हाच वाद ऐकतोय.

मुलं पहिल्याच वाक्यात दोन संघ पाडतात आणि मग त्या संघातला प्रत्येक खेळाडू वाचवत बसतात. ज्याला आपण समाजवादी काळ म्हणतो त्याच्या मुळाशी १९४४ ची मुंबई योजना होती, आणि ती लिहिली कोणी, तर जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांच्यासारख्या उद्योगपतींनी. सरकारनं पायाभूत उद्योगांत उतरावं, परदेशी मालापासून संरक्षण द्यावं, हे भांडवलदार स्वतः मागत होते. दुसऱ्या बाजूनं मिनू मसानी घ्या. नाशिकच्या तुरुंगात ज्या मंडळींनी समाजवादी पक्षाची कल्पना केली त्यांच्यातले ते एक, १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षाचे संस्थापक, आणि १९५९ मधे तेच राजाजींबरोबर स्वतंत्र पक्षात, खुल्या अर्थव्यवस्थेचे सगळ्यात ठाम वकील. सोव्हिएत रशियात काय झालं ते बघून त्यांनी मत बदललं. मत बदलणं ही हार असते असं तुम्ही दोघींनी मानू नका.

आणि बाबासाहेब. १९३८ ला मनमाडला रेल्वे कामगारांपुढं ते म्हणाले की कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. १९४७ ला त्यांनी संविधान सभेसाठी जे निवेदन लिहिलं त्यात मूलभूत उद्योग, विमा आणि शेतीसुद्धा राज्याच्या मालकीची असावी असं मांडलं. पण नोव्हेंबर १९४८ ला के. टी. शहा यांनी संविधानात समाजवादी हा शब्द घालायची दुरुस्ती आणली तेव्हा बाबासाहेबांनीच विरोध केला, समाजाची रचना कशी असावी ते त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावं, संविधानानं त्यांचे हात बांधू नयेत म्हणून. तो शब्द उद्देशिकेत आला १९७६ ला, बेचाळिसाव्या दुरुस्तीनं. हा सगळा प्रवास वाचा, एकाच माणसाच्या डोक्यात हा वाद किती गांभीर्यानं चालू होता ते दिसेल.

तुझ्या मैत्रिणीची जी बाजू आहे तिचा सगळ्यात भक्कम मुद्दा स्कूटरचा नाही. तो असा की भाव ही बातमी असते. कोल्हापूरला गुळाचा दर चढला की कुणी हुकूम न काढता ऊस गुऱ्हाळाकडं वळतो, कारखान्याला मिळेनासा होतो, मग कारखानाही भाव वाढवतो. हे दिल्लीतल्या कुठल्याही कार्यालयाला वेळेत कळलं नसतं. हायेक या अर्थशास्त्रज्ञाचं म्हणणं हेच, आणि पांढरं सोनं यांनी आदिलाबादच्या गाड्यांचं जे सांगितलं तो त्याचा पुरावा आहे. आणि तुझ्या बाजूचा भक्कम मुद्दा असा की भाव ठरवायला समोरासमोर बसणाऱ्या दोघांची ताकद सारखी नसते. उचल घेतलेल्या माणसाला भाव मान्य नाही म्हणून उठून जाता येत नाही.

सहकारी कारखाना कशात मोडतो म्हणून विचारलंस. मी मुलांना तीन प्रश्न विचारायला लावतो, मालकी कुणाची, भाव कोण ठरवतं, आणि तोटा झाला तर कुणाच्या घरावर येतो. मालकी सभासदांची. उसाचा किमान भाव केंद्र सरकार ठरवतं, एफआरपी, २०२४-२५ च्या हंगामाला टनाला ३४०० रुपये, सव्वादहा टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून तितकी साखर निघाली तर. साखरेची लेव्ही, म्हणजे ठरावीक साखर सरकारला ठरलेल्या दरानं द्यायची सक्ती, २०१३ ला गेली तरी साखर विकायचा किमान दर २०१९ ला सरकारनंच किलोला ३१ केला, महिन्याला किती विकायची तो कोटाही सरकारचा. बिल चौदा दिवसांत द्यायचं, नाहीतर व्याज, असा कायदा. तुझ्या मैत्रिणीच्या पप्पांसाठी पण कायदा आहे, छोट्या उद्योगाचं पेमेंट ४५ दिवसांत. तरी दोघांचेही पैसे अडकतात. म्हणजे तुम्ही दोघी भांडलात खऱ्या पण तुमच्या दोघींच्या घरी तक्रार एकच आहे, आपल्यापेक्षा मोठा घेणारा वेळेवर पैसे देत नाही. आणि तोडणी करणाऱ्या जोडप्याचा हिशोब या दोन्ही कायद्यांच्या बाहेर, मुकादमाच्या वहीत. वरकड शोधायला निघालीस तर या साखळीत ते वरवर सरकत जाताना दिसेल, ते एकाच पायरीवर थांबलंय असं समजून तू मैत्रिणीच्या वडिलांवर बोट ठेवलंस.

---

वाळव्याची_लेक

उशिरा लिहितेय, सगळ्यांचे खूप आभार. निवृत्त काकांचं ऐकून दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा घेताना मी तिला म्हणलं, पप्पांबद्दल बोलले ते चुकलं. ती म्हणाली, वरकड मूल्याचं तू चूक बोलली नाहीस, पण माझ्या तोंडावर फेकलंस ते चुकलं. मग दोघी रडलो आणि लेक्चरला उशीर झाला.

शनिवारी आमच्या फडात तोड होती, मी गेले. बाईंनी सांगितलं तसं. पाटोदा तालुक्यातलं जोडपं, बाई माझ्यापेक्षा एखाद्या वर्षानं मोठी असेल, बाळ बांधावर साडीच्या झोळीत. आधी ती बोलेचना, मालकाची पोरगी म्हणून. मी मोळी बांधायला बसले, वीस-पंचवीस बांधल्या असतील, पाचटानं हात कापले, तेव्हा बोलायला लागली. उचल लाखाची. किती टन झाले ते तिला माहीत नाही. वही मुकादमाकडं, नवऱ्याला सुद्धा शेवटी सांगणार. मी विचारलं गाडी गेल्यावर वजनाची पावती तुम्हाला दाखवतात का, तर म्हणाली ती मालकाची असते.

घरी वडिलांनी पावत्या तारेत ओवून ठेवलेल्या असतात, लहानपणापासून बघतेय, पण पहिल्यांदा एक हातात घेऊन वाचली. सभासद क्रमांक, वडलांचं नाव, गट नंबर, गाडी नंबर, टोळीचा कोड, निव्वळ वजन. तिचं नाव नाही, नवऱ्याचंही नाही. वडलांना दाखवलं, ते बराच वेळ पावती बघत बसले आणि म्हणाले, हे आपण कधी बघितलंच नाही. संध्याकाळी त्यांनी त्या आठवड्यातली सगळी वजनं एका कागदावर उतरवली आणि कोपीवर जाऊन टोळीला वाचून दाखवली. मुकादमाला ते आवडलं नाही, पण वडील म्हणाले माझ्याच फडाची वजनं आहेत, मी कुणालाही सांगेन.

इकडं आल्यावर रूममेटनं तिच्या पप्पांचं एक बिल मागवून घेतलं. रात्री आम्ही वहीत तीन रकाने आखले, तिच्या पप्पांचा, माझ्या वडलांचा आणि त्या तोडणाऱ्या ताईचा, आणि प्रत्येकात तेच प्रश्न, माल कधी दिला, रेट कोणी ठरवला, पैसे कधी आले, कागद कुठं आहे. पप्पांचा रकाना भरला, वडलांचा भरला. तिसऱ्यात ३६६ आणि दोन टन एवढंच लिहिता आलं. वाद अजून होतोच, ती म्हणते टोळ्यांची थेट नोंदणी केली आणि कारखान्यांना टोळ्यांसाठी एकमेकांशी स्पर्धा करायला लावली तर मुकादम गळून पडेल, मी म्हणते आधी गावात रोजगार हमीचं काम मिळू दे मग स्पर्धा होईल. काल पुन्हा भिंत वाजली.

साखरशाळेच्या बाई, तुम्हाला एक विचारायचंय. ऊसतोड कामगारांचं ओळखपत्र मिळतं असं ऐकलं. त्या ताईकडं नव्हतं. ते आमच्या इथल्या ग्रामपंचायतीत मागायचं की तिकडं?

---

साखरशाळेची_बाई

तिकडं. त्यांच्या मूळ गावच्या ग्रामसेवकाकडं, सर्व्हेत नाव यायला लागतं. नवरा-बायको दोघांची वेगवेगळी नोंद करायला सांगा, नाहीतर एकट्या नवऱ्याचीच करतात. गाव कुठलं ते मला मेसेज करा, पाटोद्याला माझी बहीण आहे, ती जाऊन येईल.